दशावतारी मंडळाची कार्तिकाआधीची तयारी

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला आणि पुढचे सगळे सण लांबले. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे २०२५ पेक्षा अडीच आठवडे उशिरा. सिंधुदुर्गातल्या आणि पलीकडे गोव्यातल्या पेडणे-बार्देशातल्या जत्रा तिथीवर चालतात, त्यामुळे दशावताराचा, म्हणजे देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या पौराणिक खेळाचा, हंगामही तितकाच उशिरा उघडणार. पाऊस मात्र पंचांग बघून येत नाही. जून लागला की तो हजर. सुरुवातीला गेलेल्या रात्री शेवटी भरून निघत नाहीत. म्हणून ज्या मंडळाला यंदा जुन्या खेळांबरोबर नवी आख्यानं, म्हणजे खेळात मांडायच्या पुराणकथा, उभी करायची आहेत, त्याने दसऱ्याची वाट न बघता घटस्थापनेलाच कामाला लागावं.

पहिली हातात घ्यायची ती तारखांची वही. तिच्यात आधी मानाच्या जत्रा लिहाव्यात. अमुक देवळात अमुकच मंडळाचा खेळ, हे ठरून पिढ्या लोटल्या आहेत. तिथे कागद नाही, शब्द आहे. दुसरीकडून दुप्पट मानधन आलं तरी ती रात्र मोडू नये. त्यानंतर बाकीच्या जत्रा, मग वाढदिवस, सत्यनारायण, गृहप्रवेश, मुंबईतल्या मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांच्या ऑर्डरी. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सगळ्यात जास्त ओढाताण होते, कारण एकाच तिथीला चार गावांत जत्रा असतात. तिथे नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणावं, म्हणजे गावाला दुसरं मंडळ बघता येतं. आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीने येत नाही, देवीचा कौल झाल्यावरच तारीख जाहीर होते. ती जाहीर झाली की चाकरमान्यांच्या सुट्ट्या तिकडे वळतात आणि आजूबाजूच्या गावांच्या ऑर्डरी मागेपुढे होतात. वहीत त्या दिवसांत थोडी मोकळीक सोडावी.

आता आख्यानं. इथे मात्र घाई नको. बहुतेक मंडळं पाच-पंचवीस आख्यानं फिरवत असतात आणि गावकरी सांगतील ते त्या रात्री लावतात. यंदा मी सुचवतो ते असं की नव्या आख्यानांपैकी निदान काही सणांना धरून बांधावीत. आपले सण आणि आपला खेळ एकाच पोतडीतून आले आहेत, पण जत्रेत बसलेल्या मुलाला आज संध्याकाळी घरी जे झालं त्याची गोष्ट रात्री देवळापुढे दिसतेच असं नाही. ती दिसावी.

तुळशीचं लग्न घ्या. अंगणात वृंदावन रंगवतो, ऊस उभा करतो, चिंचा-आवळे ठेवतो, बाळकृष्णाशी लग्न लावतो आणि चुरमुरे वाटतो. ती तुळस म्हणजे जालंधराची बायको वृंदा, आणि विष्णूने जालंधराचं रूप घेऊन तिचं पातिव्रत्य मोडलं तेव्हा कुठे तिचा नवरा युद्धात पडला, हे घरात कोणी सांगत नाही. जालंधराचं आख्यान आपल्याकडे नवं नाही. पण ते बहुतेक वेळा युद्धाचं होतं: शंकर, जालंधर, मध्ये नारद आणि शेवटी लांबलचक युद्धनृत्य. वृंदेच्या वाट्याला एक गाणं आणि एक शाप. यंदा तिला रात्र द्यावी. जालंधराच्या वेषातला विष्णू घरात येतो तो प्रवेश मोठा करावा. पेटीवाल्या बुवांनी तिथे सूर धरून ठेवावा आणि पखवाज पूर्ण बंद ठेवावा. मग तिच्या लक्षात येतं. त्या क्षणापासून शापापर्यंतचं बोलणं स्त्रीपार्ट, म्हणजे बाईचं काम, करणाऱ्या नटाने आपल्या बळावर न्यायचं. देवाला जाब विचारायचा, आणि तोही त्याच देवाच्या दारात बसलेल्या गावासमोर. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या कलावंतांनी स्त्रीपार्ट कुठपर्यंत नेता येतो हे दाखवून ठेवलेलं आहे. पदर सावरणं आणि मान वेळावणं एवढ्यात तो संपत नाही. विष्णूचं काम करणाऱ्यालाही इथे सोपं नाही. त्याने उत्तर शोधू नये. शाप घ्यावा, शाळिग्राम व्हावं, आणि तुला माझ्या माथ्यावर जागा हे वचन द्यावं. गावातल्या बायकांनी नुकतंच तुळशीचं लग्न लावलेलं असतं. त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला त्रिपुरासुर हवाच. तीन फिरती नगरं आणि एकच बाण, ही गोष्ट आपल्या मंचासाठीच केल्यासारखी आहे. इथे ट्रिकसीनचा मोह होणार: तीन नगरं पेटलेली दाखवायची, धूर सोडायचा, वर तारेवरून बाण न्यायचा. करा, पण देवळापुढे खरी दीपमाळ त्या रात्री पणत्यांनी उजळलेली असते हे विसरू नका. शंकराचं काम करणाऱ्याने बाण सोडून तिच्याकडे नुसता हात केला तरी गाव समजतं. शिवरात्रीला व्याधाचं आख्यान ठेवावं. शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायात ते सविस्तर आहे आणि त्यातली हरिणीची विनवणी नव्या मुलांसाठी उत्तम शाळा आहे. शिमग्याच्या तोंडावर प्रल्हाद. दिवाळीत सभागृहातले प्रयोग मिळाले तर नरकासुर किंवा बळी-वामन. सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत पोरं नरकासुराचे पुतळे करून जाळतातच. बळीचं आख्यान लावाल तर बळीला खलपार्ट करू नका. तो शब्दाला जागलेला राजा आहे आणि भात नुकतंच घरात आलेला शेतकरी त्याच्याच बाजूचा असतो.

आख्यान ठरलं म्हणजे संहिता लिहिली, असं आपल्याकडे होत नाही, आणि ते तसंच राहावं यासाठीच ही सगळी धडपड आहे. खेळाच्या संध्याकाळी मालक कथानक सांगतो, पात्रं वाटतो, प्रवेशांचा क्रम लावतो. बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या करायचं. अलीकडे काही ठिकाणी संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मंचावर नुसते ओठ हलवायचे प्रकार सुरू झाले आहेत. झगमगाट वाढतो, पण समोरचा नट काय बोलला याकडे कोणाचं लक्ष राहत नाही, आणि दशावतार तिथेच संपतो. ज्याला उत्स्फूर्त बोलायचं आहे त्याला साठा लागतो. म्हणून नवरात्रापासून प्रत्येकाने रोज वाचन धरावं: श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत. कोकणातल्या जुन्या घरांत या पोथ्या अजून मिळतात. ओव्या पाठ करा, पण मंचावर ओवी म्हणून दाखवण्यापेक्षा तिच्यातला दाखला आपल्या शब्दांत उतरला पाहिजे. वाचलेलं आख्यान दुसऱ्या दिवशी घरात कोणालातरी सांगून बघावं. सांगताना जिथे अडतं तिथेच मंचावर अडतं.

तालमी जोड्यांनी घ्याव्यात. राजापार्टी आणि खलपार्टी समोरासमोर, मध्ये एक बाकडा, आणि विषय एकच: राजधर्म मोठा की वचन मोठं. एकाने मुद्दा टाकायचा, दुसऱ्याने तो उचलून पुढे न्यायचा. उगाच आवाज चढवणाऱ्याला थांबवायचं. सुधीर कलिंगण फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. लोक त्यांना लोकराजा म्हणायचे. त्यांचा राजा ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे की मंचावर एक चादर घातलेलं बाकडं असतं, आणि नट त्यावर ज्या ढबीने बसतो त्यावर त्याचं सिंहासन होतं. हे बसणंसुद्धा तालमीत घटवायचं असतं. वृंदेसाठी वेगळी बैठक घ्यावी आणि तिथे संवाद ठरवू नयेत, फक्त तिने विचारायचे प्रश्न ठरवावेत. त्यांचा क्रमही रोज बदलावा. नव्या मुलांना एकदम मोठ्या पार्टात ढकलू नये. रिद्धी-सिद्धी, दूत, ऋषीकुमार इथून सुरुवात झाली की मंचाची भीती मोडते.

आड दशावताराला, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगाला, यादीत स्वतंत्र जागा द्या. सभागृहात वेळ कमी म्हणून पहिला घाव यावरच पडतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, पूजेला आलेला भट, मोरावरची सरस्वती, मग वेद घेऊन बसलेला ब्रह्मदेव आणि ते पळवणारा संकासुर, शेवटी विष्णू. हा सगळा भाग कोणी म्हणतात जुनाट झाला. मला ते मान्य नाही. काळा झगा, काळी टोकदार टोपी, बाहेर लोंबणारी लाल जीभ असा संकासुर प्रेक्षकांच्या मागून उड्या मारत येतो तेव्हा पुढे चटईवर झोपलेली पोरं खडबडून उठतात. बाकी सगळे देव-राजे शुद्ध मराठी बोलतात, हा एकटा मालवणी. भटाला अडवतो, गावातल्या खड्ड्यांवर बोलतो, सरपंचाला नाव न घेता टोमणा मारतो, आणि गाव ते ऐकून घेतं, कारण बोलणारा संकासुर असतो. त्याचं काम करणाऱ्याने प्रत्येक गावात पोचल्यावर तासभर आधी चहाच्या टपरीवर बसावं. आज गावात काय चाललंय ते तिथे कळतं. वेळ कमी असेल तर आड दशावतार आटोपशीर करा, पण गणपती आणि संकासुर यांना हात लावू नका. जत्रेत तर प्रश्नच येत नाही: आड दशावतार, पालखीची प्रदक्षिणा, मग आख्यान आणि पहाटे दहीकाला, हा क्रम देवस्थानाचा आहे, आपला नाही.

मुखवटे-मुकुटांचा पेटारा पावसाळ्यात बंद राहतो. तो पूजा करून उघडावा आणि लगेच सगळं ऑक्टोबरच्या उन्हात घालावं. गणपतीचा मुखवटा आधी बघावा: रंग सुटलाय का, आत वाळवी किंवा बुरशी आहे का, बांधायच्या नाड्या कुजल्यात का. मुखवटा घातलेल्या माणसाला श्वास नीट घेता येतो ना, हे त्याला घालायला लावूनच कळतं. मुकुटांच्या आतली कापडाची पट्टी घामाने कडक होते. ती दरवर्षी नवी लावावी, नाहीतर युद्धनृत्यात कपाळ सोलतं. भुजबंध, कंबरपट्टे, तलवारी यांचे सैल खिळे ठोकून घ्यावेत. शालू ट्रंकेत घड्यांवर विरतात, म्हणून घड्या बदलून ठेवाव्यात. गंगावन, म्हणजे खोटे केस, धुऊन, विंचरून, सावलीत वाळवावं. रंगाचं सामान ज्याचं त्याने आणायचं ही पद्धत चांगली आहे, पण नवा रंग आणला तर दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायला सांगा. रात्र-रात्र तोंडाला रंग आणि वर्षातले सात महिने हेच. कातडी एकदा बिघडली की हंगाम जातो. स्त्रीपार्ट करणाऱ्यांना रंगायला वेळ जास्त लागतो, त्यांना उजेडाची जागा आधी द्यावी. काही देवळांत रंगपटाला अजून एकच बल्ब असतो. स्वतःचा दिवा आणि लांब वायर गाडीत असलीच पाहिजे.

वाद्यांचं काम लांबणीवर टाकू नका, कारण दुरुस्ती करणारे थोडे आणि मंडळं भरपूर. पावसाळ्यातल्या दमट हवेने पायपेटीचा भाता आणि सूर दोन्ही बिघडतात. पखवाजाची शाई तडकली असेल तर पुडी बदलावी, वाद्या, म्हणजे चामड्याच्या पट्ट्या, ओढून घ्याव्यात, आणि गाडीत कणकेची पिशवी असावी. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक गावात मिळेलच म्हणून निघालेला पखवाजी रात्री दहा वाजता दारोदार फिरतो. झांजेची दोरी बघून घ्या. बुवांबरोबर नव्या आख्यानाची पदं एकदा पूर्ण म्हणून घ्यावीत, कारण नट अडला तर त्याला सावरतो तो पेटीचा सूर.

ट्रिकसीनबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. लोकांना ते आवडतं, मुंबईच्या प्रयोगांना त्याच्यामुळे गर्दी होते, आणि दशावताराने काळाप्रमाणे काही घेतलं तर त्यात पाप नाही. पण प्रत्येक ट्रिक नटानेच, त्याच वेषात, मुकुटासकट, रात्रीच्या उजेडात करून बघितलेली असावी. कापडी मांडवाखाली खरी ज्योत नको. वाळूची बादली आणि अग्निशामक सिलिंडर मंचाच्या मागे, आणि तो चालवायला शिकलेला एक माणूस, ज्याला त्या रात्री दुसरं काम नाही. तारेवर माणूस चढवायचा असेल तर गाठ मारणारा आणि गाठ तपासणारा वेगळा हवा.

परवानग्या गावची कमिटी काढते असं समजून चालू नये, फोन करून विचारावं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही; राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आपलं आख्यान तर जत्रेत मध्यरात्रीच्या सुमाराला उभं राहतं. यावर दोनच वाटा आहेत. सभागृहात किंवा संध्याकाळी सातला सुरू होणारे तीन तासांचे खेळ बांधणं ही एक. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहासारख्या ठिकाणी असे प्रयोग होतात, आणि पावसाळ्यातले महोत्सव-स्पर्धा याच मापाच्या असतात. दुसरी वाट आवाजाची. माइक यायच्या आधी शेकडो वर्षं हा खेळ नुसत्या गळ्यावर चालला; समर्थांच्या दासबोधातही दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, म्हणजे सतराव्या शतकात तो चांगला रुळलेला होता. तालमी माइकशिवाय घ्या, शेवटच्या रांगेत एक माणूस बसवा, आणि त्याला शब्द कळला नाही तर त्याने हात वर करायचा. मोठ्याने बोलण्याने हे साधत नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर न गिळण्याने साधतं.

तीन तासांचा खेळ म्हणजे रात्रभराच्या खेळाला कात्री, असंही करू नये. प्रवेश वेगळे मांडावे लागतात. वृंदेचं आख्यान छोटं करताना युद्ध आखडा, तिचं बोलणं नको.

प्रवासाचं एकच कलम, पण सक्तीचं: चालकाने रात्री झोपायचं. दहीकाला आटोपून सकाळी पेटारा गाडीत चढतो, सगळे दमलेले असतात, आणि पुढचा मुक्काम घाट उतरून असतो. रात्रभर खेळ बघत बसलेल्या चालकाच्या हातात अशी गाडी देऊ नये. मंडळातला कोणी हौसेने गाडी चालवत असेल तर त्याला त्या रात्री काम नाही. गाडीचा विमा, कलाकारांचा अपघात विमा हंगामाआधी भरलेला असावा. औषधांच्या डब्यात ताप-पित्ताच्या गोळ्या, क्रेप बँडेज, डोळ्यांत रंग गेला तर धुवायला स्वच्छ पाणी. मधुमेह असलेल्या कलाकाराचं जेवण वेळेवर, मग कमिटीची पंगत उशिरा का असेना.

पैशांचं आधी बोलून घ्यावं. प्रत्येकाची नाईट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, किती, उचल किती दिली, ती कशी वळती होणार, खेळ रद्द झाला तर काय, आजारी पडला तर काय, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. मंचावर येणारं बक्षीस कोणाचं, नटाचं की मंडळाचं, हेही आधीच ठरवा. आता ते मोबाइलवरून येतं, तेव्हा कोणाच्या खात्यावर येणार हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणारे प्रत्येक गावात भेटतात. आड दशावताराला हरकत नाही, पण नवं आख्यान हंगाम संपेपर्यंत पूर्ण टाकू देऊ नका आणि ही अट ऑर्डर घेतानाच सांगा. स्त्रीपार्टवाल्यांचे रंगपटातले फोटो त्यांना विचारल्याशिवाय कोणी काढायचे नाहीत, हे पाहुण्यांना सांगण्याची जबाबदारी मालकाची.

आता बायकांचीही दशावतारी पथकं उभी राहिली आहेत. त्यांना तालमीला बोलवा, त्यांच्या तालमीला जा. वृंदेच्या प्रश्नांचा क्रम ठरवताना त्यांच्यातल्या एखादीने मध्ये बसून ऐकलं आणि इथे ती असं म्हणणार नाही एवढं सांगितलं, तरी प्रवेश सुधारेल.

पहिल्या खेळाच्या दिवशी नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून पेटारा बाहेर काढायचा आणि गाडीत सगळ्यात आधी चढवायचा. त्याच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही. मग वाद्यं, मग ट्रंका, मग बाकडं आणि पडदे. उतरवताना पडदे आधी लागतात म्हणून ते दाराजवळ. गाडी दुपारी चारच्या आत सुटावी. पोचल्यावर देवाला पाया पडून कमिटीला आज कुठलं आख्यान हवं ते विचारा, आणि तुळशीच्या लग्नाचे दिवस असतील तर आपणहून सुचवा: आज वृंदा लावूया.